घराअलीकडे सहा किलोमीटर

नवऱ्याचा चेहरा भिंतीवर आला तेव्हा ती पाहुण्यांपुढे बिस्किटांची बशी धरून उभी होती. नियंत्रण कक्षाची सुपरवायझर असली तरी पाहुणे आले की बशी हटकून तिच्याच हातात येई. सकाळचे साडेअकरा. बारा पाहुणे, सगळे सुटातले, सगळ्यांच्या गळ्यात प्लास्टिकचे पास. साहेब त्यांना भिंतभर पसरलेला नकाशा दाखवत होते. त्यावर आठशे ठिपके, म्हणजे आठशे ट्रक. शिवाय या आठवड्यात दुसऱ्या एका कंपनीच्या गाड्या येऊन मिळाल्या होत्या, त्या धरून बावीसशे; तिच्या नवऱ्याची गाडी त्या नव्यांतलीच. वर्षअखेर पाच हजार. साहेबांचं वय बत्तीस, आणि 'पाच हजार' हा शब्द त्यांच्या तोंडात इतक्यांदा येई की माघारी सगळे त्यांना पाच हजार म्हणूनच ओळखत. ते म्हणाले, "आता एक गंमत दाखवतो. हे लाल ठिपके म्हणजे जिथं थांबायची परवानगी नाही तिथं थांबलेल्या गाड्या. कुठलाही एक घेऊ." आणि त्यांनी एका लाल ठिपक्यावर बोट टेकवलं. प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डवर कंपनीची डबी असते, डबीला कॅमेरा असतो. कॅमेरा उघडला आणि भिंतीवर तिचा नवरा आला, कपाळापासून छातीपर्यंत, पुरुषभर उंच. तो सफरचंद सोलत होता.

पहिल्यांदा तिला तो ओळखूच आला नाही, आणि पुढे कितीतरी दिवस तिला याचाच राग येत राहिला. चेहरा त्याचाच होता, कानाजवळचा व्रणसुद्धा होता, पण त्या चेहऱ्यावर जे पसरलं होतं ते तिच्या ओळखीचं नव्हतं. सैल पडलेला जबडा. अर्धवट मिटलेले डोळे. त्याने बूट काढून ठेवले होते, एक पाय बाजूच्या सीटवर टाकला होता, आणि सुरीने सफरचंदाची साल अशी काढत होता की ती कुठे तुटू नये, एका लांब फितीसारखी खाली लोंबत राहावी. तुटली नाही तेव्हा तो स्वतःशीच हसला. तेवीस वर्षांच्या संसारात हा माणूस एकटा बसून हसतो हे तिने पाहिलं नव्हतं. पाहणार कशी? ती समोर असली की तो एकटा नसायचा. "बघा महाराजांची ऐट," पाच हजार म्हणाले, आणि पाहुणे हसले. एकाने विचारलं, "कधीपासून उभा आहे?" स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा होताच: एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं. जागा तिने तोवर वाचली होती. जुन्या वजनकाट्यामागचं मोकळं मैदान. तिच्या घरापासून सहा किलोमीटर.

"आता आपल्या बाई त्याच्याशी बोलतील," साहेब म्हणाले. "कोणीही, कधीही, थेट केबिनमध्ये. बावीसशेतल्या एकाशी." त्यांनी माइक तिच्या हातात दिला. बशी कुठे ठेवावी तिला सुचेना. एका पाहुण्यानेच ती घेतली. तो नवरा आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. माहीत करून द्यायला अडीच सेकंद पुरले असते. 'अहो, हे आमचेच,' एवढं म्हटलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं सगळं, पाच हजारांनी टाळीसुद्धा मागितली असती. ती तसं म्हणाली नाही. का म्हणाली नाही याची तिने नंतर पुष्कळ कारणं जुळवली, पण खरं एकच होतं: त्या क्षणी तिला त्याला घाबरवायचं होतं. ते हसू त्या चेहऱ्यावरून पुसायचं होतं. तिने नेमून दिलेलं वाक्य नेमून दिलेल्या आवाजात म्हटलं, "चालक, तुमचं वाहन परवानगी नसलेल्या जागी थांबलं आहे. कारण सांगा."

सुरी थांबली. साल तुटली. त्याने पाय खाली घेतला, मान वर केली आणि थेट कॅमेऱ्यात पाहिलं. तिच्या डोळ्यांदेखत तो चेहरा घरचा झाला. जबडा आवळला, डोळ्यांवर पडदा आल्यासारखं झालं. त्याने आवाज ओळखला होता. त्याच्या येण्याच्या दिवशी ती अर्धी रजा टाकून घरी असे; आज पाहुण्यांमुळे रजा मिळाली नव्हती, आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. तो तिला घरात धरून चालला होता आणि ती त्याच्या केबिनमध्ये निघाली. "कारण सांगा," ती पुन्हा म्हणाली. तो सावकाश म्हणाला, "घर जवळ आलंय, बाई. म्हणून थांबलोय. तुम्ही तशी नोंद करून घ्या."

बाराही जण खदखदून हसले. घर जवळ आलं की लोक गाडी पळवतात, हा थांबतो, असं कोणीतरी म्हणालं. साहेबांनी डोळे पुसले. तिच्या कानात मात्र शब्द राहिला तो वेगळाच. तुम्ही. लग्न झाल्यापासून ती त्याला तुम्ही म्हणत आली आणि तो तिला तू. आज पहिल्यांदा त्याने तिला मान दिला, आणि तो असा दिला की थोबाडीत बसावी. तिने खुर्चीत बसून नोंद उघडली. कारणांची यादी होती: बिघाड, टायर, आजारपण, मालाची अफरातफर, झोप. शेवटी इतर. तिने 'इतर' निवडलं. त्यापुढे चाळीस अक्षरांची जागा होती. ती तिने रिकामी सोडली.

दुपारभर तिला घरातल्या जेवणाचा वास येत राहिला, कक्षात कुणी जेवत नसताना. त्याच्या येण्याच्या दिवसांचा तो वास. आधी सासू असताना, मग सासूच्या आजारपणात, मग मुलगी लहान असताना, ते दिवस सगळे एकाच साच्याचे. सकाळी फोन: अकरापर्यंत येतो. अकराला ताट. साडेअकराला गॅस पुन्हा पेटवायचा. बाराला पुन्हा. मुलगी खिडकीत उभी, हातात चित्र, आणि चित्राचा कागद घामाने मऊ पडत चाललेला. दीड वाजता जिन्यावर बूट वाजायचे आणि वाक्य ठरलेलं: रस्त्यात गर्दी होती. ती गर्दीला शिव्या घालायची. तेवीस वर्षं तिने रस्त्यांना, फाटकांना, पुलांच्या कामांना, कळपाने जाणाऱ्या गुरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. गर्दी नव्हतीच. वजनकाट्यामागे मोकळं मैदान होतं, आणि एक माणूस होता, जो सफरचंदं सोलत होता.

चारला ती घरी पोचली तेव्हा तो आंघोळ करून दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. त्या खुर्चीत पाहुणे बसत. तिने पर्स खुंटीला लावली.

"किती जण होते?" त्याने विचारलं.

"बारा."

"हसले ते ऐकू आलं मला."

"मी नाही उघडला कॅमेरा. साहेबांनी उघडला."

"बोललीस तू."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आत जाऊन भांडी वाजवायची तिची सवय होती. आज हात उठला नाही. "कधीपासून चाललंय हे?"

"डबी बसायच्या फार आधीपासून."

"का?"

त्याने ओल्या केसांवरून हात फिरवला. तो मुळात बोलणारा माणूस नव्हे; रस्त्यावरचे लोक त्याला मास्तर म्हणत ते त्याच्या टापटिपीमुळे, तोंडामुळे नव्हे. "मी दारात आलो की तू बघतेस ना," तो म्हणाला, "तसं चेकनाक्यावरचा शिपाईसुद्धा बघत नाही. आणि पहिला प्रश्न. बूट काढायच्या आधी. परत कधी जाणार? तेवीस वर्षांत एकदा चुकला नाही. तिथं बसून मी तयारी करतो."

"मला रजा टाकावी लागते. विचारू नको तर काय करू?"

"आधी कुठं होती नोकरी? तेव्हाही विचारायचीस."

"आणि मी इथं तीन-तीनदा जेवण गरम करत होते, ते?"

"मी कधी म्हटलं गरम कर?"

त्याने हे चढ्या आवाजात म्हटलं नाही. म्हणूनच ते तिच्या हाडात जाऊन बसलं. ती उलट बोलली, पुष्कळ बोलली, त्याच्या आईचं दुखणं काढलं, मुलीच्या तापाच्या रात्री काढल्या, एकटीने ओढलेला गाडा काढला. आणि बोलता बोलता तिला स्वतःचा तो प्रश्न ऐकू येत राहिला. परत कधी जाणार. तो कुठल्या सुरात निघतो हे तिला माहीत होतं. पहिल्या वर्षी तो सूर वेगळा होता, त्यात जाऊ नका असं दडलेलं असे. मग कधीतरी, कुठल्या महिन्यात ते सांगता आलं नसतं, शब्द तेच राहिले आणि आतला अर्थ पालटून बसला. त्याच्या येण्याने खोल्या लहान होत. त्याचे बूट, त्याचा खोकला, त्याचं गप्प बसणं, सगळ्याला जागा करून द्यावी लागे. तो गेल्यावर ती खिडक्या उघडायची. हे त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे तिला आज कळलं. पण हे कबूल करायला ती बांधील नव्हती. तिच्यावर कुठं कॅमेरा होता!

दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या गाडीची मागची नोंद काढली. नव्या गाड्यांचा तीन महिन्यांचा माग एकदम आला होता. तीन महिन्यांत तो अकरा वेळा घरी आला होता. अकराही वेळा वजनकाट्यामागे थांबला होता. सगळ्यात कमी, एक तास वीस मिनिटं. सगळ्यात जास्त, तीन तास. तो दिवस तिच्या लक्षात होता. तिचा वाढदिवस होता तो. तिने पडदा मिटला, पुन्हा उघडला. मग तिच्या मनात जे आलं ते कुठून आलं कोण जाणे. कंपनीच्या यादीत प्रत्येक चालकाच्या घराचा पत्ता होता. तिने यंत्राला विचारलं: घरी परतताना शेवटच्या दहा किलोमीटरांत अर्ध्या तासाहून जास्त थांबणारे, नेहमी थांबणारे, बावीसशेतले किती? यंत्राने चहाचा एक घोट घेण्याइतका वेळ लावला. चारशे बारा.

तिने नकाशावर चारशे बारा घरं मांडली. प्रत्येक घराभोवती एक वर्तुळ, वर्तुळाच्या काठावर एक लाल ठिपका. पेट्रोल पंपामागे, कालव्याच्या कडेला, बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात, शाळेच्या भिंतीलगत. चारशे बारा पुरुष इंजिन बंद करून बसलेले. एखादा दात घासत असेल, एखादा नुसताच काचेतून बघत असेल. आणि आत वर्तुळाच्या मधोमध चारशे बारा बाया ताटं झाकून रस्त्याला शिव्या घालत असतील. तिला वाटलं होतं की हे बघून आपल्याला बरं वाटेल; आपण एकट्या नाही. पण तसं झालं नाही. राग आला. एकाचा राग करता येतो, त्याला नाक-डोळे असतात. चारशे बारांचा राग नुसता आकड्यासारखा असतो, त्याला कुठे संपायचं कळत नाही.

साहेब मागे येऊन उभे होते. "हे काय आहे?" तिने सांगितलं. त्यांचे डोळे लकाकले. "अहो बाई, हे तर घबाड काढलंत तुम्ही! रोजचे किती तास वाया! पाच हजारांवर गेलो की केवढा आकडा होईल!" तिथल्या तिथे नियम करायचं ठरलं. घराच्या दहा किलोमीटरांत थांबायची मर्यादा. मर्यादा ओलांडली की केबिनमध्ये शिट्टी वाजेल, वाढत जाईल, चाकं फिरेपर्यंत थांबणार नाही. "किती मिनिटं द्यायची? तुम्हीच सांगा. तुम्हाला या लोकांच्या खोड्या पाठ."

"बारा," ती म्हणाली.

बाराच का, ते तिने विचारात घेतलं नव्हतं. पाहुणे बारा होते, एवढंच. साहेबांनी मान डोलावली, जणू बारामागे शास्त्र होतं.

नियम लागला त्या आठवड्यात लाइनी सारख्या उघडत होत्या. शिव्या होत्या, विनवण्या होत्या, काही जण शिट्टीवर हात ठेवून गाणी म्हणत. एक नुसतं म्हणाला, "बाई, पाच मिनिटं. वडील गेलेत. इथं रडून घेतो, मग घरात जातो. तिथं सगळ्यांना मलाच सावरायचंय." त्याचा आवाज कोवळा नव्हता, चांगला पिकलेला होता. त्या आवाजामागे शिट्टी चढत होती. शिट्टी बंद करायचं बटण साहेबांच्या खोलीत होतं, वीस पावलांवर. साहेब तिथे होते. ती उठली नाही. तिने वाक्य वाचलं, "चालक, वाहन हलवा." ठिपका हलला. लाल होता तो हिरवा झाला आणि एका गल्लीत शिरला. तिने पुढची लाइन घेतली.

नवरा त्यानंतर आला तो अकरा वाजून दहा मिनिटांनी. फोनवर अकरा म्हणाला होता. ती रजेवर होती. जेवण झाकलेलं, आणि ती केस मोकळे सोडून पलंगावर पाय पसरून पडलेली, रेडिओ चालू, हातात एक जुनं मासिक. बूट वाजले तेव्हा ती दचकून उठली, चोरी पकडली गेल्यासारखी. तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते दोन तास तिचेही होते. गॅस तीनदा पेटवला असेल, पण मधल्या वेळात ती अशीच पडायची, दर वेळी, आणि तिने त्याला वाट बघणं असं नाव दिलं होतं. तो दारात उभा होता. अंगावर रस्ता तसाच होता, कानात शिट्टी असावी, कारण तो मान एका बाजूला धरून होता.

"आलो," तो म्हणाला. "वेळेवर."

तो तिच्या प्रश्नाची वाट बघत होता. बूट न काढता, एक पाय आत, एक बाहेर. तिने ठरवलं होतं की आता तो प्रश्न विचारायचा नाही. आणि तिने विचारला नाही, तर त्याची तयारी अंगावरच राहिली, ओल्या कपड्यांसारखी. दोघं समोरासमोर जेवले. तिला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. त्यालाही तसंच वाटत असावं. भांड्याला चमचा लागला की दोघं एकदम वर बघत.

जाताना त्याने बुटाची नाडी बांधता बांधता सांगितलं, "मी वरचा पट्टा मागून घेतलाय. डोंगरापलीकडचा. बंदर ते कारखाना, कारखाना ते बंदर."

"तिथून घर किती?"

"सहाशे किलोमीटर."

"मग येणार कधी?"

प्रश्न तोच होता, उलटा झालेला. त्याच्याही ध्यानात आलं ते. तो पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघत म्हणाला, "नियमात बसेल तेव्हा." आणि जिना उतरला.

दोन महिन्यांनी मुलीचा फोन आला. ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात होती, बंदराच्या वाटेवर. "बाबा येऊन गेले. दहा मिनिटं बसले, घड्याळ बघत. आई, तू काय केलंस?"

"मी काय करणार? कंपनीचा नियम आहे."

"आणि कंपनीत कोण आहे?" मुलगी म्हणाली.

आता गाड्या चार हजारांवर गेल्या आहेत. साहेबांना मोठी खोली मिळाली, तिला दोन हाताखालची माणसं मिळाली. नवऱ्याचा ठिपका डोंगरापलीकडे वरखाली होत असतो, कायम हिरवा. वेग बरोबर, वळणं सावकाश, कुठे थांबणं नाही. शंभरातले अठ्ठ्याण्णव गुण. त्याचं नाव महिन्याच्या फलकावर लागलं तेव्हा साहेब म्हणाले, "असा माणूस पाहिजे. गाडीत जणू कोणी नाहीच." चूक असल्याशिवाय चालकाशी बोलायची लाइन उघडत नाही, आणि तो चुकत नाही. फोन तो उचलत नाही; गाडी चालवताना उचलायचा नाही, हाही नियमच. ती दिवसातून किती वेळा तो ठिपका मोठा करून बघते हे कोणी मोजत नाही. एकदा तरी चुक, ती मनात म्हणते. वेग वाढव. भलतीकडे वळ. तो वळत नाही. हे तो मुद्दाम करतोय अशी तिची खात्री आहे. बेचाळीस टनांची गाडी तो तिच्या तोंडावर दार लावावं तशी चालवतोय.

मंगळवारी दुपारी दोन वाजून सोळा मिनिटांनी तो ठिपका पिवळा झाला. अचानक ब्रेक. बाजूचा माणूस हात पुढे करत होता, तिने त्याच्या आधी लाइन घेतली. "चालक, अचानक ब्रेक लागला आहे. कारण सांगा."

मागे इंजिनचा आवाज. वायपर फिरत असावेत. मग तो म्हणाला, "कुत्रं आडवं आलं, बाई."

"लागलं का?"

"कुत्र्याला नाही."

हे वाक्य कुठे नेता आलं असतं, याचा तिने पुढे कितीतरी दिवस विचार केला. पण लाइन साठ सेकंदांची असते आणि आकडा उतरत होता. तिने कॅमेरा उघडला. त्याचं कपाळ आधीपेक्षा उघडं पडलं होतं, दाढी नीट होती, आणि कपाळावर डाव्या बाजूला, काच किंवा दांडा लागून, रक्ताची बारीक रेघ उतरत होती. त्याने ती पुसली नव्हती. तो कॅमेऱ्यात बघत नव्हता.

"नोंद करून घ्या," तो म्हणाला. लाइन मिटली.

नोंदीत दोनच रकाने होते. कारण योग्य, चालकाची चूक. कुत्रं डबीच्या रस्त्याकडे रोखलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यात साफ दिसत होतं, पिवळट, रस्ता ओलांडून शेपूट हलवत उभं. कारण योग्य यावर बोट ठेवून ती थोडा वेळ बसली. गेल्याच महिन्यात साहेबांनी आणखी एक नियम आणला होता: महिन्यात तीन चुका झाल्या की चालकाला गाडी सोडून इथं यावं लागतं, या इमारतीत, दिवसभराच्या प्रशिक्षणाला. खोलीत एक टेबल असतं, दोन खुर्च्या असतात. समोरच्या खुर्चीत सुपरवायझर बसते.

तिने बोट सरकवलं. चालकाची चूक. यंत्राने विचारलं, नक्की? तिने नक्की केलं. अठ्ठ्याण्णवाचे एक्क्याण्णव झाले. महिन्याचे सतरा दिवस बाकी होते, आणि अजून दोन हव्या होत्या.